उशिरा उघड होणारी इजा

किरणोत्सर्गाच्या सुरक्षित मर्यादा शतकभर खाली येत गेल्या. मोजमापाची साधने सुधारल्यामुळे हे घडले, असा एक समज आहे. मला त्याहून मोठे कारण जीवशास्त्रात दिसते. किरणांनी केलेली इजा किती उशिरा उघड होऊ शकते, हे हळूहळू कळत गेले आणि दर वेळी आधीचा निर्धास्तपणा खोटा ठरला.

१८९५ मध्ये रंटगेन यांनी क्ष-किरण शोधले. त्यानंतर डॉक्टरांना आणि तंत्रज्ञांना पहिली इजा दिसली ती कातडीवर. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली यांचे हात भाजले, कापावे लागले आणि १९०४ मध्ये ते कर्करोगाने गेले. तरीही १९२५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मुत्शेलर यांनी सुचवलेली मर्यादा कातडीच्याच मापाने ठरली होती: त्वचा लाल करणाऱ्या मात्रेचा शंभरावा हिस्सा, तोही महिनाभरात मिळून. कातडी शाबूत तर माणूस शाबूत, हे त्यामागचे गृहीतक. रेडियमच्या रंगाने घड्याळांच्या तबकड्या रंगवताना कुंचल्याला ओठांनी टोक काढणाऱ्या अमेरिकन मुलींनी ते मोडून काढले. पोटात गेलेले रेडियम कॅल्शियमसारखे हाडांत जाऊन बसले आणि त्यांचे जबडे काही वर्षांनी कुजले.

१९२७ मध्ये आनुवंशशास्त्रज्ञ मुलर यांनी फळमाश्यांवर क्ष-किरण सोडून पुढच्या पिढीत उतरणारी उत्परिवर्तने घडवली आणि धास्ती पुढच्या पिढ्यांकडे वळली. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलांमध्ये मात्र आनुवंशिक विकारांची स्पष्ट वाढ आढळली नाही. वाढ दिसली ती खुद्द वाचलेल्यांमध्ये: रक्ताचा कर्करोग काही वर्षांतच, इतर अवयवांचे कर्करोग कित्येक दशकांनी. हे लोक वयस्क होत गेले तशी मोजलेल्या कर्करोगांची संख्या वाढली, त्यांना मिळालेल्या मात्रांचाही फेरहिशेब झाला. म्हणून आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने १९९० मध्ये कामगारांसाठीची वर्षाची ५० मिलिसिव्हर्टची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने २० वर आणली. शरीराच्या एकूण धोक्याच्या हिशेबात जननग्रंथींना दिलेले वजन मात्र १९७७ च्या ०.२५ वरून २००७ मध्ये ०.०८ वर उतरले. पुरावा मिळाला तिथे भीती कमीही झाली, हे विसरता कामा नये.

यावर गंभीर आक्षेप असा की पेशी आपला डीएनए दुरुस्त करतात, मग अगदी थोड्या मात्रेलाही धोका का मानायचा? केरळच्या करुनागप्पळ्ळीत मोनाझाइटच्या वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग जास्त आहे, पण तिथल्या मोठ्या पाहणीत कर्करोग वाढलेला आढळला नाही. हा पुरावा मी हलका मानत नाही. पण कर्करोग एरवीही इतका आढळतो की त्यात मिसळलेली थोडी वाढ अशा पाहणीला पकडता येईलच असे नाही. शिवाय दुरुस्ती दर वेळी अचूक होत नाही. गर्भारपणी काढलेल्या क्ष-किरण चित्रांच्या थोड्या मात्रेचा आणि मुलांच्या कर्करोगाचा संबंध ब्रिटिश डॉक्टर अॅलिस स्ट्यूअर्ट यांनी १९५६ मध्ये दाखवला, तेव्हा अनेकांनी तो कित्येक वर्षे मनावर घेतला नव्हता. म्हणून मात्रेच्या प्रमाणात धोका धरणे हा सावधगिरीचा नियम म्हणून मला योग्य वाटतो. मृत्यूंची भाकिते करायला मात्र तो वापरू नये. नगण्य मात्रेला कोट्यवधी लोकांनी गुणून बळींचा आकडा काढू नका, असे आयोगानेच बजावले आहे. गरजेचा सीटी स्कॅन या भीतीने टाळणेही चूकच. रुग्णांच्या तपासणीला या मर्यादा लागू नाहीत, तिथे फायदा-तोटा डॉक्टरांनी तोलायचा असतो.

मर्यादा खाली येण्याचा हा क्रम अजून थांबलेला नाही. मोतीबिंदूला मोठी मात्रा लागते, असे दीर्घकाळ मानले जाई. तो समज ढळल्यावर २०११ मध्ये डोळ्याच्या भिंगासाठीची वार्षिक मर्यादा १५० वरून सरासरी २० मिलिसिव्हर्टवर आली. अँजिओप्लास्टी करणाऱ्या डॉक्टरांना त्यामुळे शिशाच्या अॅप्रनइतकीच शिशाच्या चष्म्याचीही गरज पडू लागली.