जीपचे दंतचक्र आणि नांगराची ओढ

जीप ही युद्धाची कन्या, हे सर्वश्रुत आहे. परंतु चिखल, खडक आणि उभे चढ यांच्या मुलखात चालणाऱ्या वाहनाच्या ॲक्सलला जे सावकाश, जोरकस चालणे आणि प्रसंगी दोन्ही चाके एकजीव करण्याचे सामर्थ्य पुढे प्राप्त झाले, त्यात शेतजमिनीचा वाटा किती मोठा होता, याची दखल या यंत्राचा इतिहास सांगणारे क्वचितच घेतात.

वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागते, आणि दोन्ही चाके एकाच ताठ दांड्याला जखडलेली असतील तर त्यांपैकी एकाला घासत जावे लागते. ही अडचण ओळखून पॅरिसच्या काँझर्व्हातुआरमधील कारखान्याचा प्रमुख ओनेसिफोर पेकर याने १८२८ साली आपल्या वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियलचे पेटंट घेतले. दोन्ही चाकांना समान जोर द्यावा आणि वेग मात्र ज्याचा त्याला ठरवू द्यावा, हे या रचनेचे तत्त्व. सडकेवर ते वरदान ठरले. पण चिखलात तेच तत्त्व घातक होते, कारण निसरड्यावरील चाकाला फिरण्यासाठी जेवढा क्षीण जोर पुरतो, तेवढाच समतेच्या न्यायाने कोरड्या जमिनीवरील चाकाच्या वाट्याला येतो, आणि एक चाक भिरभिरत असताना दुसरे निश्चल राहून गाडी जागच्या जागी रुतते.

१९४० च्या जुलैत अमेरिकन लष्कराने एकशे पस्तीस कंपन्यांकडे हलक्या टेहळणी-गाडीची मागणी पाठविली, आणि त्यातून पुढे विलिस एमबी ही जीप सिद्ध झाली. तिच्या ॲक्सलमधील क्राऊन या मोठ्या दंतचक्राला एकोणचाळीस दात आणि त्याला फिरविणाऱ्या पिनियन या लहान चक्राला आठ, म्हणजे प्रमाण ४.८८. पहिला गिअर आणि दोन्ही ॲक्सलना जोर वाटून देणाऱ्या ट्रान्स्फर केसमधील लो गिअर यांचा या प्रमाणाशी गुणाकार केला, तर चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाचे सुमारे साडेपंचवीस फेरे होत. ताफ्याबरोबर ताशी साठ-पासष्ट मैलांनी धावू शकणाऱ्या गाडीसाठी ही तडजोड रास्त होती. डिफरन्शियल मात्र साधेच होते. चार चाकांना जोर पोचतो एवढ्यावर लष्कराने समाधान मानले, आणि गाडी रुतलीच तर ती ढकलायला शिपाई हाताशी होतेच.

युद्ध संपत आले असतानाच १९४५ साली विलिस कंपनीने हीच गाडी सीजे-२ए या नावाने शेतकऱ्यापुढे ठेवली, तेव्हा हा हिशेब नव्याने मांडावा लागला. नांगर ओढणारी गाडी धावत नाही. ती बैलाच्या चालीने, इंजिन बंद न पडता, तासन्‌तास एकसारखी चालत राहिली पाहिजे. म्हणून क्राऊनचे दात त्रेचाळीस झाले आणि प्रमाण ५.३८ वर गेले. लो गिअरही १.९७ वरून २.४३ वर आला. आणि पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे जवळजवळ साडेछत्तीस झाले. आठ आणि त्रेचाळीस या आकड्यांना सामाईक विभाजक नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताशी आळीपाळीने भिडतो आणि झीज सर्वत्र सारखी वाटली जाते. जुन्या कारागिरांच्या या दूरदृष्टीचे मला नेहमी मोठे कौतुक वाटते. या बदलाची किंमत अर्थातच सडकेवरील वेगात मोजावी लागली, आणि शेतकऱ्याने ती खुशीने मोजली.

लॉकची, म्हणजे डिफरन्शियल जखडून दोन्ही चाके एकजीव करणाऱ्या यंत्रणेची, कथाही याच वळणाने जाते. अमेरिकेत युद्धकाळातील लष्करी ट्रकांना आपोआप जोडले जाणारे लॉक मिळाले होते, हे खरे. परंतु चालकाच्या इच्छेनुसार लागणाऱ्या आणि सुटणाऱ्या लॉकचा खरा संसार जर्मनीत थाटला गेला. पराभूत आणि उपाशी जर्मनीत आल्बर्ट फ्रीडरिक या अभियंत्याने १९४६ साली उनिमोग या बहुकामी वाहनाचा पहिला नमुना उभा केला. त्याच्या डाव्या-उजव्या चाकांतील अंतर बटाट्याच्या दोन ओळींच्या मापाचे ठेवले होते, आणि पुढच्या व मागच्या दोन्ही ॲक्सलला लॉक बसविले होते. १९७९ च्या मर्सिडीज जी-वॅगनलाही दोन्ही ॲक्सलसाठी लॉक मिळू शकत होते. ऑस्ट्रेलियातील एआरबीने पुढे हवेच्या दाबाने लागणारे लॉक जगभर विकले, ते त्यानंतरचे.

आपल्याकडे स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत माझगावला महिंद्रांनी विलिसची जोडणी सुरू केली, आणि मामलेदार, वनखाते व पाटबंधारे खाते यांच्या दौऱ्यांतून ती जीप तालुक्या-तालुक्यांत परिचित झाली. लॉकची ओळख मात्र आपल्या ग्रामीण भागाला झाली ती ट्रॅक्टरवर. एक चाक तासात आणि दुसरे कोऱ्या जमिनीवर असताना, काळ्या रानात ट्रॅक्टर घसरू लागला की पायाजवळचा डिफ-लॉक दाबावा आणि शेताच्या टोकाला वळण्यापूर्वी तो सोडावा, हे शिक्षण ट्रॅक्टर चालविणाऱ्या मुलाला कोणत्याही पुस्तकाविना मिळते. मोटारगाड्यांत हे ज्ञान बऱ्याच उशिरा उतरले: आकुर्डीच्या फोर्स मोटर्सने ‘गुरखा’ला पुढे-मागे चालकाच्या हातचे लॉक दिले, आणि २०१५ साली महिंद्राच्या थारच्या मागच्या ॲक्सलवर आपोआप लागणारे लॉक आले.

आज हौसेने गाडी सजविणारे तरुण प्रथम मोठी चाके घेतात आणि मागाहून लॉकचा विचार करतात. मला या क्रमात मधली पायरी, दातांचे प्रमाण, सुटलेली दिसते. अठ्ठावीस इंची चाकांच्या जागी एकतीस इंची आली की ४.८८ चे बळ ४.४० इतकेच उरते, आणि ते भरून काढण्यासाठी प्रमाण ५.४० च्या घरात न्यावे लागते; म्हणजे सीजे-२ए च्या कर्त्यांनी निवडलेल्या आकड्याजवळच आपण परत येतो. दात बदलायचे तर दोन्ही ॲक्सलचे एकाच प्रमाणात बदलावेत, नाही तर फोर-व्हील लावताच ट्रान्स्फर केस स्वतःशीच झगडू लागते. त्यानंतर लॉक, आणि तेही आधी मागच्या ॲक्सलला. पुढचे लॉक सुकाणू जड करते, म्हणून ते चालकाच्या हातचेच असावे. आणि डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी दोन्ही लॉक न विसरता सोडावेत.