पत्त्यांची जादू आणि फासाचा दोर

सुटीच्या दिवशी घरी चार मंडळी जमली, चहापाणी झाले, की कोणी तरी पत्त्यांचा कॅट काढतो आणि एखादा हौशी तरुण ‘यांतला कोणताही एक पत्ता घ्या’ म्हणून पुढे सरसावतो. या करमणुकीस रंगमंच लागत नाही की पेटारा लागत नाही. दहा बोटे व एक कॅट एवढ्यावर काम भागते. परंतु या निरुपद्रवी खेळाचा इंग्लंडातील इतिहास चाळू लागलो, तेव्हा आम्हांस फासाच्या दोरापाशी येऊन थांबावे लागले.

राणी एलिझाबेथच्या अमदानीत १५६३ साली झालेल्या कायद्याने, चेटूक करून मनुष्याचा जीव घेणाऱ्यास देहान्त शिक्षा सांगितली होती. शेजाऱ्याचे मूल दगावले, की संशय जावयाचा तो बहुधा एखाद्या दरिद्री म्हातारीवर. १५८२ साली एसेक्स परगण्यातील सेंट ओसिथ येथील खटल्यात दोन स्त्रिया फासावर गेल्या. केंट परगण्यातील रेजिनाल्ड स्कॉट या गृहस्थास असले प्रकार पाहवले नाहीत. १५८४ साली त्याने चेटकाच्या समजुतीचे खंडन करणारा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्याच्या तेराव्या भागात नाणी, गोट्या व पत्ते यांच्या हातचलाखीची फोड करून दाखविली. बाजारातील खेळ्याची करामत आपणांस उमगत नाही म्हणून तीत सैतान नसतो. मग म्हातारीच्या पुटपुटण्यात तरी तो कोठून येणार, असा त्याचा रोख होता.

पत्त्यांविषयी स्कॉट सांगतो ते मर्म आजही नवशिक्याचा पहिला धडा आहे: पत्ते चपळाईने पिसावे, पण एक ओळखीचा पत्ता तळाशी किंवा ठाऊक असलेल्या जागी राखावा. समजा, तळाची बदामाची सत्ती आपण हळूच पाहून ठेवली. पाहुण्याने निवडलेला पत्ता वर ठेवविला आणि कॅट कापून खालचा भाग वर घेतला, की सत्ती नेमकी त्या पत्त्यावर येऊन बसते. मग एकेक पत्ता उलगडत जावे. सत्तीपाठोपाठ येईल तो पाहुण्याचा. सारे रहस्य ते एवढेच!

हे रहस्य फोडताना स्कॉटला संकोच वाटला. यावर पोट भरणाऱ्या गरिबांचे आपण नुकसान करीत आहो, याबद्दल त्याने खेद व्यक्त केला आहे. पण एकीकडे खेळ्याची भाकरी आणि दुसरीकडे निरपराध स्त्रीचा जीव, असा तो सामना होता. त्याने केलेली निवड आम्हांस योग्य वाटते. शिवाय खेळ्यांचा त्याने धिक्कार केला नाही. करमणुकीसाठी, शेजाऱ्यास अपाय न करता केलेल्या खेळात त्यास पाप दिसले नाही.

त्याला तत्काळ यश मात्र आले नाही. स्कॉटलंडचा राजा जेम्स याने १५९७ साली त्याच्या मताविरुद्ध ग्रंथ लिहिला, आणि तोच इंग्लंडच्या गादीवर आल्यावर १६०४ साली कायदा अधिकच कडक झाला. पुढे १७३५ च्या कायद्याने पारडे फिरले: चेटूक हा गुन्हा न राहता, तसले सामर्थ्य अंगी असल्याचा आव आणणे हा गुन्हा ठरला. महाराष्ट्रासही २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, हे ध्यानी घेता ही कथा आपणांस परकी वाटू नये.

तेव्हा घरच्या मुलांनी पत्त्यांचे खेळ अवश्य शिकावे. मात्र टाळ्या घेऊन झाल्यावर ‘ही केवळ हातचलाखी’ एवढे बोलण्यास त्यांनी विसरू नये.