भूमिवापरातील बदल आणि कार्बनसाठा (निपाणी परिसर)

जमिनीचा वापर बदलला की झाडांत व मातीत साठलेला कार्बन घटतो किंवा वाढतो. वाळलेल्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मा वाटा कार्बनचा असतो. झाड जळाले वा कुजले की तो हवेत जातो आणि 1 टन कार्बनपासून सुमारे 3.67 टन कार्बन डायऑक्साइड बनतो. नांगरटीने मातीतला सेंद्रिय कार्बनही ओसरतो. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच अधिक चिंतेचे.

वेदगंगा-दूधगंगेच्या खोऱ्यातील निपाणीची काळी जमीन फार पूर्वीच शेतीखाली आली. येथील बिडीची तंबाखू उन्हात वाळवतात. भट्टीत वाळवल्या जाणाऱ्या व्हर्जिनिया तंबाखूप्रमाणे तिच्यासाठी जंगलाचे सरपण लागत नाही, ही मोठी जमेची बाजू. पुढे सिंचनाबरोबर ऊस पसरला. ऊस भराभर वाढतो, पण दरवर्षी तोडला जात असल्याने त्यातील कार्बन टिकत नाही. पाचट पेटवले तर तो लगेच हवेत जातो. सरीत कुजवले तर थोडा मातीत राहतो.

निपाणी ज्यात येते त्या बेळगाव जिल्ह्यातील, झाडांत कार्बन साठवून ठेवणारे घनदाट जंगल मुख्यतः खानापूर तालुक्यात उरले आहे. तेथील भीमगडला 2011 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला.