बाळापूरचे दोन तट

बाळापूर म्हटले की कुणाला १७२० ची निजामाची लढाई आठवते, कुणाला मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. तटाकडे तट म्हणून पाहणारा विरळा. मन आणि म्हैस या नद्यांच्या बेचक्यात, उंचवट्यावर, विटांनी बांधलेला हा किल्ला. औरंगजेबाचा पुत्र आझमशहा याने त्याचा आरंभ केला असे सांगतात. पुरा झाला तो १७५७ साली, एलिचपूरचा नबाब इस्माईलखान याच्या हातून. बाहेरचा तट खालचा, दहा कोनांचा, आतला उंच, पाच कोनांचा, कोनाकोनावर बुरूज.

आभाळाला भिडणारी एकच भिंत न घालता अशा दोन पायऱ्या का केल्या? शत्रूसाठी, हे उघडच आहे. पण उंचवट्यावरच्या तटाला दुसरा शत्रू पाठीशीच असतो, तो म्हणजे माती. मातीचा रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो, आणि भिंत उलथवू पाहणारा जोर तर घनाने! वीस हातांच्या एका भिंतीऐवजी दहा-दहा हातांच्या दोन, पुरेशा अंतरावर घातल्या, तर प्रत्येकीवरचा रेटा चौथाई उरतो आणि उलथवणारा जोर आठवा हिस्सा. मेख आहे ती 'पुरेशा अंतरा'त. वरची भिंत खालचीच्या पाठीलाच चिकटली, तर तिचा भार मातीतून उतरून खालचीवर बसतो आणि दोघी मिळून पुन्हा एकच उंच भिंत होते. आडाखा असा की, खालचीच्या उंचीच्या दुप्पट तरी मागे सरावे. एवढे करूनही सारा उतारच पायथ्यासकट घसरणार नाही ना, हे निराळे पाहावे लागते.

या रेट्याचे गणित कूलोंब नावाच्या फ्रेंच लष्करी इंजिनिअराने १७७३ साली मांडले. तोही मार्टिनिक बेटावर किल्ला बांधून परतलेला. तोवर बाळापूरचे गवंडी काम संपवून केव्हाच घरी गेले होते. त्यांना सूत्र ठाऊक होते असे म्हणणे ही शुद्ध बढाई. मात्र ढासळलेल्या भिंती त्यांनीही पाहिल्या असणारच.

त्यातून आपली वऱ्हाडची माती! चांदूर रेल्वेपासून बाळापूरपर्यंत तीच काळी, कपाशीची. आषाढात फुगते, वैशाखात हातभर भेगाळते. भिंतीमागे पाणी तुंबले की रेटा जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून जाणता गवंडी पाठीशी काळी माती न भरता मुरूम आणि गोटे भरतो, भिंतीला पाणी जायला भोके ठेवतो. बाळापूरच्या तटाला पावसाळ्यात नद्यांचा जवळजवळ वेढाच पडतो. त्याच्या विटांत रुजलेले पिंपळ काढणे आणि पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणे, एवढे काम दरसाल मृगाआधी उरकायला हवे.