खांचांची काठी व शाळेची वही

मुलास प्रथम शाळेंत घालतांना शाळेकडून त्यास काय मिळेल, याची चौकशी सर्वच आईबाप करितात; त्याच्या मोबदल्यांत घरानें काय सोडावयाचें आहे, याची चौकशी क्वचितच होते. ह्या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास ज्यास पाहावयाचा असेल त्यानें आयर्लंडच्या खेड्यांतील कॅथलिक प्राथमिक शाळांकडे वळावें. त्या देशाच्या राजकारणाशीं आपल्या वाचकांचा परिचय जुना आहे. होमरूल हा शब्दच मुळीं आपण तेथून उचलला. परंतु तेथील एका-दोन खोल्यांच्या शाळेंत काय चालत असे, आणि तिच्या दाराशीं मुलाचा हात सोडून परत फिरणाऱ्या बापाच्या मनांत काय असे, याकडे आपलें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. आतां तर कामधंद्यानिमित्त तिकडे जाऊन राहिलेलीं मराठी कुटुंबेंही आहेत. तेव्हां हा परिचय अगदींच अप्रस्तुत ठरूं नये.

आयरिश शेतकऱ्यास शिक्षणाची गोडी सरकारनें लावली, असा एक समज इंग्रज ग्रंथकारांनीं रूढ केला. तो खरा नाहीं. १६९५ च्या कायद्यानें कॅथलिकांस शाळा चालविण्याची मनाई झाली, व ती पुढें १७८२ पर्यंत शिथिल झाली नाहीं. ह्या काळांत गुरुजी गांवाबाहेर एखाद्या कुंपणाच्या आडोशास मुलें जमवीत. कोणी शिपाई येत आहे काय, हें पाहाण्यास एक पोरगा वाटेवर बसवीत. यावरूनच त्या शाळांना कुंपणशाळा हें नांव पडलें. मनाई उठल्यावर त्या झोंपड्यांत, गोठ्यांत आल्या. पण नांव तेंच राहिलें. हे गुरुजी आपल्याकडील पंतोजींचेच सख्खे भाऊ! फी तिमाहीची, आणि तीही कांहीं नाण्यांत, कांहीं अंडीं-लोण्याच्या रूपानें. हिशेब पक्का, अक्षर वळणदार, क्वचित् कोठें लॅटिनही. १८२४ च्या सुमारास सरकारी आयोगानें मोजदाद केली तेव्हां सगळ्या देशांत सुमारें ९,००० शाळा केवळ पालकांच्या फीवर चालत असल्याचें आढळून आलें. ज्यांच्या घरीं बटाट्याखेरीज दुसरें अन्न नव्हतें अशा लोकांनीं पदरमोड करून चालविलेल्या ह्या शाळा होत. पुढील हकीकत वाचतांना ही गोष्ट वाचकांनीं विसरूं नये.

१८३१ सालीं आयर्लंडचे मुख्य सचिव एडवर्ड स्टॅन्ली यांनीं लेन्स्टरच्या ड्यूकांस एक पत्र लिहिलें, व त्या पत्रावर तेथील 'नॅशनल स्कूल'ची इमारत उभी राहिली. सात जणांचें एक मंडळ नेमण्यांत आलें. त्यांत प्रॉटेस्टंट पंथांचे पांच व कॅथलिक दोन. लोकसंख्येचें प्रमाण याच्या अगदीं उलट होतें, हें सांगावयास नकोच. योजना अशी कीं, सर्व पंथांच्या मुलांनीं भाषा, गणित वगैरे विषय एकत्र बसून शिकावे, व धर्मशिक्षण ज्याचें त्यास वेगळ्या वेळीं मिळावें. धर्मशिक्षणाची वेळ झाली कीं भिंतीवर तशी पाटी टांगावयाची, आणि वेळ संपतांच ती उतरवावयाची. कागदावर ही व्यवस्था मोठी निर्दोष होती. प्रत्यक्षांत खेडें कॅथलिक, जागा देणारा कॅथलिक, शाळेचा व्यवस्थापक गांवचा धर्मगुरु, आणि शिक्षकाची नेमणूक व बडतर्फी त्याच्याच हातीं. तेव्हां मिश्र शाळा बहुधा नांवापुरतीच मिश्र राहिली. बिशपांतही एकमत नव्हतें. डब्लिनचे आर्चबिशप मरे स्वतः त्या मंडळावर बसले, तर ट्यूअमचे आर्चबिशप मॅक्हेल यांनीं ह्या शाळांना कडवा विरोध केला. तंटा रोमपर्यंत गेला, आणि १८४१ सालीं पोपनीं निर्णय ज्या त्या बिशपावर सोंपविला. धर्मपीठांच्या वादांत इतका व्यवहारी निकाल क्वचितच लागतो! इकडे शाळा मात्र वाढत राहिल्या. १८३३ सालीं आठशेंच्या आंत असलेली त्यांची संख्या शतकाअखेर साडेआठ हजारांच्या वर गेली.

ही शाळा आंतून कशी होती, तें पाहूं. दगडी, कौलारू, उंच खिडक्यांची एक किंवा दोन खोल्यांची इमारत. दर्शनी भिंतींत शाळेचें नांव व साल कोरलेला दगड. कित्येक ठिकाणीं मुलांचें दार वेगळें व मुलींचें वेगळें. दोन शिक्षक असलेल्या शाळेंत ते पुष्कळदां नवराबायको असत. एकाच खोलीच्या एका कोपऱ्यांत लहानग्यांचा घोष, दुसऱ्यांत मोठ्यांचें गणित, आणि मुलींच्या हातांत शिवणकाम. त्या देशांत दलदलीच्या जमिनींतून काढून वाळविलेली माती सरपणासारखी जाळतात. थंडीच्या दिवसांत प्रत्येक मुलानें घरून तिचा एकेक ढेकूळ बगलेंत मारून आणावा, व त्यावर शाळेची शेगडी पेटावी, असा रिवाज होता. वसंतांत दलदलीवर व शरदांत बटाट्यांच्या काढणीवर घरीं हात लागत, म्हणून त्या दिवसांत हजेरीपुस्तक ओकेंबोकें दिसे. सात-आठ वर्षांच्या मुलांची पहिल्या कम्युनियनची तयारी हा तर घर, शाळा व देऊळ ह्या तिघांचा सामाईक सोहळा होऊन बसला, व आजही तो तसाच आहे. छडीचा उपयोग सढळ होता. तिला कायमची बंदी होण्यास १९८२ साल उजाडावें लागलें, आणि आमच्या मतें ह्या शाळांच्या इतिहासांतील हा मोठाच काळा डाग होय. मायाळू शिक्षकांच्या आठवणी जितक्या लिहिल्या गेल्या आहेत, तितक्याच भयाच्याही.

परंतु आमच्या विषयाचा गाभा निराळाच आहे. मंडळानें तयार करविलेलीं वाचनपुस्तकें फार चांगलीं गणलीं जात. इंग्लंडांत व वसाहतींतही तीं खपलीं. त्यांत भूगोल होता, नीतिपाठ होते, अर्थशास्त्रही होतें. आयर्लंड मात्र जवळजवळ नव्हतें, आणि आयरिश भाषा तर मुळींच नव्हती. मंडळानें तिची मनाई केली असेंही नाहीं. ती अस्तित्वांतच नाहीं अशा रीतीनें तें वागलें, एवढेंच. मनाईचें काम दुसऱ्या कोणी तरी आपल्या अंगावर घेतलें.

सर विल्यम वाइल्ड हे डब्लिनचे नामांकित नेत्रवैद्य. ऑस्कर वाइल्ड यांचे वडील म्हणून आपण त्यांस ओळखतों. १८५२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या लोकसमजुतींवरील पुस्तकांत त्यांनीं देशाच्या पश्चिम भागांतील एक प्रसंग नमूद केला आहे. ते एका झोंपडींत उतरले असतां परका मनुष्य पाहाण्यास घरांतील मुलें जमलीं. त्यांतील आठएक वर्षांच्या मुलाच्या तोंडून बहिणीशीं बोलतांना एक आयरिश वाक्य निघून गेलें. बापाची नजर पडतांच तो अपराध्यासारखा मागें सरला. बापानें त्यास जवळ बोलाविलें, एक अक्षरही न बोलतां त्याच्या गळ्यांत दोरीनें अडकविलेली लहानशी काठी कपड्यांतून बाहेर काढली, आणि चाकूनें तीवर आणखी एक खांच पाडली. खांचांची संख्या ठराविक झाली म्हणजे मास्तर त्या हिशेबानें शिक्षा करीत. वाइल्ड यांनीं बापास विचारलें कीं, तुला आयरिश आवडत नाहीं काय? त्याचें उत्तर असें होतें कीं, ती त्याच्या बापजाद्यांची व ह्या डोंगरदऱ्यांची बोली, ती त्यास अतिशय प्रिय. पण मुलांना विद्या आली पाहिजे, आणि शाळेंत आयरिश शिकवीत नाहींत, म्हणून हा उपाय.

ह्या बापास नांवें ठेवणें सोपें आहे. पुढील काळांतील कित्येक देशभक्तांनीं तें केलेंही. परंतु १८५२ हें साल काय होतें, याचा थोडा विचार करावा. १८४५ पासून लागोपाठ पिकें बुडालेल्या दुष्काळांत सुमारें दहा लाख माणसें मेलीं, आणि दहा लाखांवर देश सोडून गेलीं. जीं मेलीं त्यांत आयरिश बोलणाऱ्यांचें प्रमाण फार मोठें होतें, कारण सर्वांत दरिद्री तेच होते. अमेरिकेहून पत्र येई, त्यांत पैसे येत, पुढच्या भावंडाचें तिकीट येई. न्यूयॉर्क वा बोस्टनच्या धक्क्यावर उतरणाऱ्यास तेथें आयरिशचा कांहींच उपयोग नव्हता. आपलें मूल एक दिवस बोटींत बसणार, हें ज्यास ठाऊक होतें त्यानें त्याच्या शिदोरींत इंग्रजी बांधून दिली. आम्हांस ह्या कृत्यांत क्रौर्यापेक्षां भीति अधिक दिसते. आणि तरीही, त्या मुलानें बहिणीशीं बोलतांना जी भाषा सहज वापरली, तीच घरांत अपराध ठरली, हेंही तितकेंच खरें. आपल्याकडे ज्या घरांत मुलाचा पहिला इंग्रजी शब्द कौतुकानें पाहुण्यांस ऐकविला जातो, त्या घरांतील वडील माणसांनीं ही हकीकत दोनदां वाचावी.

सरकारी नोकरांत ही विसंगति ओळखणारा एक मनुष्य होता. पॅट्रिक कीनन हे मंडळाचे निरीक्षक. १८५० नंतरच्या दशकांत पश्चिम किनाऱ्याजवळील बेटांवरील शाळा तपासून त्यांनीं वारंवार लिहिलें कीं, ह्या मुलांस आधीं त्यांच्या भाषेंत वाचावयास शिकवा व तिच्या द्वारां इंग्रजी शिकवा. त्यानें इंग्रजीही अधिक चांगली येईल. ऐकतो कोण? पुढें १८७१ पासून कीनन स्वतःच मंडळाचे निवासी आयुक्त झाले. तरीही आयरिश हा फक्त जादा विषय म्हणून, शाळेच्या वेळेबाहेर शिकविण्यास परवानगी मिळाली, तीही १८७९ सालीं. याच सुमारास, १८७२ पासून, 'निकालावर पगार' ही पद्धति आली. परीक्षकानें दर मुलास प्रश्न विचारावे, व जितकीं मुलें उतरतील तितकी मास्तरची जादा कमाई! आपल्या मुंबई इलाख्यांतील अनुदानित शाळांनींही ही पद्धति त्याच शतकांत भोगली आहे. तेव्हां पाठांतराचें जें पीक त्यांतून येतें त्याचें वर्णन करण्याची जरुरी नाहीं.

ह्या शाळांचें श्रेयही मोकळेपणानें द्यावयास हवें. १८४१ सालीं पांच वर्षांवरील शंभरांपैकीं ५३ माणसें निरक्षर होतीं; १९११ सालीं तो आंकडा १२ वर आला. पण दुसरा आंकडाही शेजारीं मांडावा. १८५१ सालीं आयरिश येणारे लोक सुमारें १५ लाख होते. १९०१ सालीं ते साडेसहा लाखांहूनही थोडे कमी उरले. दुष्काळ, देशांतर व शाळा या तिघांपैकीं कोणाचा वांटा किती, हें निवडून दाखविणें कोणासही शक्य नाहीं.

१९१६ सालीं गोळीनें मृत्यु पत्करलेले पॅट्रिक पिअर्स हे शिक्षक होते, आणि इंग्रजांनीं चालविलेल्या शिक्षणास त्यांनीं खुनी यंत्र म्हटलें होतें. स्वराज्य आल्याबरोबर त्यांच्या अनुयायांनीं तें यंत्र उलटें फिरवावयास घेतलें. १७ मार्च १९२२ या संत पॅट्रिकच्या दिवसापासून, जेथें शिक्षकास येत असेल तेथें, रोज निदान एक तास आयरिश शिकविण्याचा हुकूम निघाला. लहानग्यांच्या वर्गांत तर सगळेंच शिक्षण आयरिशमधून व्हावें असें ठरलें. आतां मुलें अशा घरांतून येत, कीं जेथें दोन पिढ्यांपूर्वींच आयरिश संपली होती! ह्या प्रयोगाचें फळ आजच्या खानेसुमारींत दिसतें. २०२२ सालीं आयर्लंडच्या गणराज्यांत पावणेएकोणीस लाख लोकांनीं आपणांस आयरिश येते असें लिहविलें. शिक्षणाच्या बाहेर ती रोज बोलणारे मात्र सुमारें ७२,००० निघाले. घरानें सोडलेली वस्तु शाळेनें एकटीनें परत आणून द्यावी, ही अपेक्षाच आम्हांस अवाजवी वाटते.

१९३७ सालीं त्या देशानें नवी राज्यघटना केली, आणि तिच्या ४२ व्या कलमांत मुलाचें पहिलें व स्वाभाविक शिक्षक म्हणजे त्याचें कुटुंब, असें मान्य केलें. शाळांची मालकी व व्यवस्था मात्र बिशप व धर्मगुरु यांच्याकडेच राहिली. आईबापांचे प्रतिनिधि व्यवस्थापनांत येण्यास १९७५ साल यावें लागलें. आजही तेथील दर दहा प्राथमिक शाळांपैकीं सुमारें नऊ कॅथलिक आहेत, आणि १९६० नंतरच्या काळांत लहान शाळा मोठींत विलीन करण्याचें धोरण असूनही दोन शिक्षकी खेड्याच्या शाळा नाहींशा झालेल्या नाहींत.

ज्या सालीं घटना झाली त्याच सालीं आयरिश लोकवाङ्मय आयोगानें शिक्षक संघटना व शिक्षणखातें यांच्या साह्यानें एक उद्योग आरंभिला. सीन ओ सुलेव्हान यांनीं ५५ विषयांची एक पुस्तिका शिक्षकांच्या हातीं दिली: औषधी वनस्पति, हवेचे अंदाज, लग्नाच्या चालीरीति, पवित्र झरे, दुष्काळाचे दिवस, जुन्या शाळा. निबंधाच्या तासाऐवजीं अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांनीं ह्यांतील एकेका विषयावर घरीं जाऊन आईबापांस, आजाआजीस, शेजारच्या म्हाताऱ्यास विचारावें, आणि आलेलें उत्तर वहींत लिहून आणावें. १९३९ च्या आरंभापर्यंत हें काम चाललें. सुमारें ५,००० शाळांतील ५०,००० मुलांनीं लिहिलेलीं पानें, शाळेच्या बांधीव वह्या व मुलांच्या मूळ वह्या मिळून, सुमारें ७ लाख ४० हजार भरलीं. तीं डब्लिनच्या विद्यापीठांत जपून ठेविलेलीं आहेत, व आतां त्यांच्या प्रतिमा कोणासही घरबसल्या पाहातां येतात. बराचसा मजकूर इंग्रजींत आहे. 'जुन्या शाळा' ह्या मथळ्याखालीं कित्येक मुलांनीं आजोबांकडून ऐकलेली कुंपणशाळेची हकीकत दिली आहे, आणि गळ्यांत अडकवावयाच्या त्या काठीचीही. मजकुराच्या अखेरीस, ज्यानें तो सांगितला त्याचें नांव, वय व गांव मुलाच्या हातचें लिहिलेलें असतें.