पाच रुपये महिना आणि उसाचा एक तुकडा

आजचा एपिसोड थोडा हिशेबाचा आहे. पण घाबरू नका, गणित पाचवीच्या पुढचं नाही.

आकडा आहे पाच रुपये. एकोणिसाव्या शतकात मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत राबायला गेलेल्या हिंदुस्थानी मजुराचा हा साधारण महिन्याचा पगार. वर तांदूळ, डाळ, मीठ, थोडं तेल आणि अंगावर घालायला कापड. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलस’ नावाचं जहाज ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईच्या बंदरात आलं आणि ही रांग सुरू झाली. पुढच्या काही दशकांत जवळजवळ पाच लाख माणसं त्या बेटावर उतरली. बहुतेक बिहारकडची, बरीच मद्रासकडची, आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसंसुद्धा, रत्नागिरीकडची धरून. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते, ती उगाच नाही.

आता ही गोष्ट आपण नेहमी कशी ऐकतो? पूर्वज गेले, पोटाला चिमटा घेतला, पै-पै साठवली, जमीनदार झाले. संपलं. खोटं नाहीये हे. पण मला एक प्रश्न सुटत नव्हता. पाच रुपयांत पोटाला चिमटा घेऊन घेऊन माणूस किती घेणार? आणि जमीन विकायला काढली कुणी?

आधी हिशेब करू. पाच रुपये महिना म्हणजे वर्षाचे साठ, पाच वर्षांच्या करारात तीनशे. कागदावर. प्रत्यक्षात ‘डबल कट’ नावाचा एक प्रकार होता. परवानगीशिवाय एक दिवस गैरहजर राहिलात तर दोन दिवसांचा पगार कापायचा. महिन्याचे कामाचे दिवस धरा २६. तापाने सहा दिवस अंथरुणात पडलात आणि मुकादमाने ती गैरहजेरी लावली, तर बारा दिवसांचा पगार गेला. पाचातले सव्वादोन रुपयांहून जास्त गायब! त्यात पगार महिनोन् महिने थकवायचे ते वेगळंच. १८५० च्या दशकात तर परतीचं फुकट तिकीटही बंद झालं. म्हणजे घरी जायचं, तर तेही स्वतःच्या साठवणीतून.

करार संपला की माणूस मोकळा, असंही नव्हतं. १८६७ च्या कायद्याने जुन्या गिरमिटियांना स्वतःचा फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागायचा. तो घरी विसरला तर पोलीस ‘भटक्या’ म्हणून आत टाकू शकत. १८७१ मध्ये आडोल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका गोऱ्या मळेवाल्याने या लोकांचा अर्ज गव्हर्नरपुढे ठेवला. त्यावर ९,४०१ सह्या होत्या. त्यातून शाही चौकशी आयोग आला. अर्जदारांचं मागणं ऐकाल तर साधं होतं: आम्हाला कमवू द्या, रस्त्यात अडवू नका. काटकसर करायलासुद्धा आधी मोकळेपणाने कामाला जाता आलं पाहिजे ना.

तरीही पैसे साठले. कसे? एक म्हणजे शिधा मिळत असल्याने रोख पगाराला हात कमी लागायचा. दुसरं, एकाच जहाजातून आलेले ‘जहाजी भाई’ एकमेकांचे सख्खे झाले होते, अडीनडीला उभे राहायचे. पैसा बायकांच्या अंगावर चांदीच्या रूपात राहायचा, काहींचा सरकारी बचत बँकेत. आणि तिसरं, जे इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत उरकतात: गाय, दूध आणि भाजीचा वाफा. यात बायकांचं काम मोठं होतं. पगारपत्रकावर नाव नाही, पण घरात रोज चार पैसे आणणारा हात त्यांचाच. माझं मत विचाराल तर अर्धी जमीन या दुधाभाजीवर उभी आहे. अर्थात हे माझं मत, वहीत कुणी मांडून ठेवलेलं नाही.

आता दुसरा प्रश्न, जमीन विकली कुणी? मळेवाल्यांनीच! युरोपात बीटापासून साखर होऊ लागली, साखरेचे भाव पडले, मळे कर्जात बुडाले. मग १८८० च्या आसपासपासून त्यांनी कडेची, कमी पिकाची जमीन तुकडे करून विकायला काढली. फ्रेंचमध्ये त्याला ‘मोर्सेलमां’ म्हणतात, म्हणजे तुकडे पाडणं. यात मळेवाल्याची हुशारी बघा. रोख हातात आली, मजुराला पोसायची जबाबदारी गेली, आणि तुकड्यावरचा ऊस गाळायला येणार कुठे? त्याच्याच कारखान्यात.

घेणारे कोण? सगळे नाहीत. पुढे होता तो सरदार, म्हणजे आपल्याकडचा मुकादम. त्याचा पगार जास्त, बऱ्याचदा दुकानही त्याचंच. तो मोठा पट्टा घ्यायचा आणि मजुरांना एक-दोन एकरांचे तुकडे पाडून विकायचा. ज्यांच्याकडे थोडी चांदी, एखादी गाय होती, ते घेऊ शकले. ज्यांचा पगार डबल कटात गेला, ते राहिले. काटकसर दोघांनीही केली होती हो.

मिळालेली जमीन तरी कशी? दगडांची. मॉरिशसच्या उसाच्या शेतांत आजही काळ्या दगडांचे ढीग दिसतात. हातांनी वेचून रचलेले. मेहनत मोजायची असेल तर ते ढीग बघा.

या तुकड्यांनी खूप काही बदललं, हे मान्य करायलाच हवं. मताचा हक्क तेव्हा मालमत्तेवर होता, त्यामुळे जमीन म्हणजे मतही. १९२६ मध्ये धनपत लाला आणि राजकुमार गजाधर हे विधिमंडळावर निवडून आलेले पहिले हिंदी वंशाचे सदस्य ठरले. त्याआधी १९१३ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, कारण छोटे शेतकरी सावकाराच्या कर्जात अडकत होते. म्हणजे जमीन नावावर झाली, पण व्याज चालूच होतं.

आणि वजनकाटा कारखान्याचाच राहिला. छोटे शेतकरी ‘उबा’ नावाचा ऊस लावायचे. काटक जात, वजन भरपूर, साखर जरा कमी. १९३७ मध्ये कारखानदारांनी उबाचा भाव १५ टक्क्यांनी उतरवला. दोन पिढ्या दगड वेचलेल्या लोकांसाठी ते १५ टक्के म्हणजे वर्षाची सगळी शिल्लक. बेटावर दंगे उसळले. १३ ऑगस्टला युनियन फ्लाक मळ्यावर जमावावर गोळीबार झाला, चार जण मेले.

तो मळा गजाधर कुटुंबाच्या मालकीचा होता.