फुटबॉलमधील खांदेपालट

वसंत व्याख्यानमालेत फुटबॉलचा विषय निघावा ह्याचे वडनेर भोलजीच्या श्रोत्यांना थोडे नवल वाटणारच. आपला मुलूख कपाशीचा, कुस्तीचा आणि कबड्डीचा. फुटबॉलचे वेड पाहायचे तर कोल्हापूरच्या पेठांत जावे, मुंबईच्या कूपरेज मैदानावर जावे, नाही तर गोव्यातल्या कुठल्याही गावी जावे. तथापि आम्ही आज ज्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहोत ती आपल्याला मुळीच परकी नाही. विहिरीवर मोट चालत होती त्या काळी जाणता शेतकरी उन्हे चढली की जोडी सोडून दुसरी जुंपीत असे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी करताना बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळणाऱ्याला, खांदा ही झिजणारी वस्तू आहे, हे कुणी शिकवावे लागत नाही. आपल्या गावावरून मुंबई-कोलकात्याचा हमरस्ता जातो. त्यावरून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या ट्रकात दोन ड्रायव्हर असले तर तेही ह्याच कारणाने. मराठीत ह्या व्यवहाराला नेमका शब्द आहे : खांदेपालट.

फुटबॉलच्या मोठ्या संघात पंचवीसएक गडी असतात आणि मैदानात अकरा उतरतात. सामन्यामागून सामने येत असता ह्या अकरांत फेरपालट करीत राहणे, आज ह्याला बसवणे, उद्या त्याला खेळवणे, ही फुटबॉलची खांदेपालट. तिने संघ बळकट होतो की त्याची घडी विस्कटते, हा वाद साठ वर्षे चालू आहे. आम्ही कामगार-चळवळीतली माणसे. आम्हांला ह्या वादात खेळाइतकाच श्रमाचा प्रश्न दिसतो, म्हणून त्यात पडण्याचे धाडस करीत आहोत.

प्रारंभी हा प्रश्नच नव्हता. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉलचे नियम लिहिले गेले आणि त्यानंतर सुमारे शंभर वर्षे इंग्लंडच्या स्पर्धांतून एकच शिस्त चालली : उतरले ते अकरा, आणि शेवटपर्यंत तेच अकरा. एखादा जायबंदी झाला तर उरलेल्या दहांनी निभावावे, नाही तर त्याने लंगडत खेळावे. ५ मे १९५६ रोजी एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमान प्रतिस्पर्ध्याच्या पायांवर झेपावला आणि त्याच्या मानेला मार बसला. सामना संपायला सतराएक मिनिटे उरली होती. बदली माणूस घेण्याची सोय नव्हती, म्हणून तो तसाच उभा राहिला. सिटीने सामना ३-१ असा जिंकला. काही दिवसांनी क्ष-किरण तपासणी झाली तेव्हा मानेचे हाड मोडल्याचे कळले. पुढच्याच वर्षी त्याच चषकाच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक रे वुड पहिल्या सहा मिनिटांतच गालाचे हाड मोडून बाहेर गेला. त्याच्या जागी बचावातल्या जॅकी ब्लँचफ्लॉवरला गोलात उभे करावे लागले आणि सामना अ‍ॅस्टन व्हिलाने २-१ असा जिंकला. ट्राउटमानच्या शौर्याची कथा आजही सांगतात, आणि ते शौर्य खरेच होते. पण मोडक्या मानेने उभे राहण्याची पाळी माणसावर आणणाऱ्या नियमाबद्दलही दोन शब्द बोलायला हवेत असे आम्हांला वाटते.

हे दोन शब्द १९६५ साली बोलले गेले. त्या मोसमापासून इंग्लिश लीगने प्रत्येक संघाला एक बदली खेळाडू दिला. २१ ऑगस्ट १९६५ रोजी बोल्टनविरुद्ध चार्लटन संघाचा गोलरक्षक जखमी झाला आणि कीथ पीकॉक हा त्या लीगमधला पहिला बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला. मात्र सवलत होती ती केवळ जखमी माणसासाठी. थकलेल्याला बाहेर काढण्याची किंवा डावपेच म्हणून माणूस बदलण्याची मुभा १९६७-६८ च्या मोसमापासून मिळाली. १९७० च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात दोन बदल मान्य झाले, १९९५ मध्ये तीन, करोनाच्या साथीत २०२० साली तात्पुरते पाच, आणि २०२२ मध्ये हे पाच नियमात कायम झाले. क्रम ध्यानात घ्यावा. आधी जखमेची दखल घेतली गेली, थकव्याची मागाहून. आमच्या कामगार-कायद्यांची वाटचालही साधारण ह्याच क्रमाने झाली : नुकसानभरपाई १९२३ साली आली, भरपगारी वार्षिक रजा त्यानंतर पुष्कळ वर्षांनी.

खांदेपालट करण्याचे साधन हाती आले, पण ते वापरण्याचे शहाणपण त्याबरोबर आले नाही. १९७० च्याच विश्वचषकात इटलीकडे मात्सोला आणि रिव्हेरा असे दोन अव्वल खेळाडू एकाच जातीचा खेळ खेळणारे होते. प्रशिक्षक वाल्कारेज्जी ह्यांनी तोडगा काढला : पूर्वार्धात मात्सोला, उत्तरार्धात रिव्हेरा. उपांत्य सामन्यात इटलीने पश्चिम जर्मनीला जादा वेळेत ४-३ असे हरवले, त्यातला शेवटचा गोल रिव्हेराचा. त्याच सामन्यात जर्मनीचे दोन्ही बदल वापरून झाल्यामुळे खांदा निखळलेला बेकेनबाउअर हात छातीशी बांधून खेळत राहिला. चार दिवसांनी ब्राझीलविरुद्ध अंतिम सामना झाला. रिव्हेराला मैदानात पाठवले ते शेवटची सहा मिनिटे उरली असता, सामना हातचा गेल्यावर. इटली ४-१ अशी हरली. पाळीपाळीने खेळण्याचा करार दोघांनी पाळला होता. ऐन वेळी तो मोडला गेला, आणि त्या सहा मिनिटांचे शल्य इटलीत पुढे कित्येक वर्षे बोलले गेले.

ह्याच्या उलट उदाहरण आपल्या देशाचे आहे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी ०-२ असा हरला. थायलंडविरुद्ध बचावातला खंदा वीर जर्नेलसिंग ह्याच्या डोक्याला टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम ह्यांनी त्याला बचावातून काढून चक्क आघाडीला खेळवले. उपांत्य सामन्यात त्याने एक गोल केला आणि अंतिम सामन्यातही एक. उपांत्य सामन्यात गोल राखला तो प्रद्युत बर्मनने. तापातून उठलेल्या उंचापुऱ्या पीटर थंगराजला रहीमसाहेबांनी अंतिम सामन्यासाठी उभे केले. ४ सप्टेंबर १९६२ रोजी भारताने त्याच दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून सुवर्णपदक घेतले. रहीमसाहेब त्या वेळी कर्करोगाने आजारी होते. पुढच्या जूनमध्ये ते वारले. प्रत्येक गड्याची प्रकृती, उंची आणि मन ओळखून त्यांनी त्याची जागा ठरवली होती. खांदेपालट करणाऱ्याच्या अंगी पहिला गुण हवा तो हा.

आता आमच्या ओळखीच्या एका शब्दाकडे येऊ. राखीव गडी मैदानात आला की मराठीत त्याला 'बदली खेळाडू' म्हणतात. हा 'बदली' शब्द मुंबईच्या गिरण्यांत फार राबलेला आहे. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या साच्यावर उभा राहणारा तो बदली कामगार. रोज सकाळी त्याने दरवाजाशी उभे राहायचे. जॉबरच्या मनात असेल तर काम, नाही तर घरी परत. ही मनमानी मोडण्यासाठी १९३५ साली बदली कामगारांना कार्डे देण्याची योजना आली. तरी प्रश्न मिटला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपात बदलीवाल्यांना कायम करा ही एक मागणी होतीच. माणूस राखीव ठेवण्यात वाईट काही नाही. त्याला उद्या काम आहे की नाही हे दुसऱ्याच्या लहरीवर टांगून ठेवणे वाईट. गिरणीचे खाते असो वा फुटबॉलचा बाक, हा फरक ज्याला कळला नाही त्याची खांदेपालट फसते.

पण मुळात खांदेपालट हवीच कशाला, असे विचारणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या बाजूला दाखले आहेत. लिव्हरपूलने १९६५-६६ ची इंग्लिश लीग अवघ्या १४ खेळाडूंवर जिंकली. अ‍ॅस्टन व्हिलाने १९८०-८१ मध्ये ४२ सामन्यांची लीग तितक्याच खेळाडूंवर जिंकली, आणि त्यांतले सात जण एकही सामना चुकले नाहीत. चेल्सीत असता संघात सारखी ठोकाठोकी करतो म्हणून क्लाउडिओ रानिएरी ह्यांना इंग्रजी वृत्तपत्रांनी 'टिंकरमन' असे टोपणनाव दिले होते. त्याच रानिएरींनी २०१५-१६ मध्ये लेस्टरसारख्या लहान संघाला इंग्लंडचे अजिंक्यपद मिळवून दिले, ते जवळजवळ तेच ते अकरा खेळवून. रोज एकत्र खेळणाऱ्यांना एकमेकांची चाल न पाहता कळते. पालखीचे भोई एका पावलाने चालतात तसे. हे खरे आहे.

मात्र ह्या दाखल्यांच्या पोटात एक गोष्ट आहे. त्या मोसमांत व्हिला आणि लेस्टर ह्यांना युरोपातल्या स्पर्धा नव्हत्या. आठवड्याला बहुधा एकच सामना. व्हिलाने पुढच्या वर्षी युरोपचा चषक जिंकला खरा, पण त्याच वर्षी लीगमध्ये तो अकरावा आला. उलट मँचेस्टर युनायटेडला १९९८-९९ मध्ये सगळे मिळून ६३ सामने खेळावे लागले. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन ह्यांच्यापाशी आघाडीचे चार गडी होते : यॉर्क, कोल, शेरिंगहॅम आणि सोल्शार. त्यांना त्यांनी वर्षभर आलटून पालटून खेळवले. २६ मे १९९९ रोजी बार्सिलोनात युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात नव्वद मिनिटे संपली तेव्हा युनायटेड एका गोलाने मागे होता. मग मिळालेल्या वाढीव वेळेत दोन गोल झाले. एक शेरिंगहॅमचा, एक सोल्शारचा, आणि दोघेही बाकावरून उठून आलेले. त्या वर्षी युनायटेडने तिन्ही मोठी पदके घेतली. दुसऱ्या टोकाला लिव्हरपूलचे बेनिटेझ. त्यांनी सलग ९९ सामन्यांत एकदाही तोच संघ लागोपाठ दोनदा उतरवला नाही. २००६ चा एफ. ए. चषक त्यांना मिळाला. लीग मात्र त्यांच्या कारकीर्दीत कधीच मिळाली नाही.

ह्यावरून दिसते की प्रश्न बदल किती केले हा नाही. काम किती आहे आणि माणसाला सावरायला अवधी किती, हा आहे. सामन्यात खेळाडू दहा ते बारा किलोमीटर धावतो, आणि त्याच्या स्नायूंतला साठा पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या संघाचे खेळाडू दोन मोसम तपासले गेले. आठवड्यात एकाऐवजी दोन सामने खेळणाऱ्यांचे धावणे मोजले तर ते कमी भरले नाही. दुखापतींचे प्रमाण मात्र सुमारे सहापट झाले. हे वाचून आम्ही बराच वेळ गप्प बसलो. मालकाच्या वहीत उत्पादनाचा आकडा तोच राहतो आणि बोटे मात्र यंत्रात जातात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. थकवा आकड्यांत दिसत नाही, तो अपघातात दिसतो. म्हणून विश्रांती ही गडी थकल्यावर द्यायची नसते, त्याआधी द्यायची असते.

महाराष्ट्रातला ताजा दाखला मुंबई सिटी संघाचा. करोनाच्या काळात २०२०-२१ ची इंडियन सुपर लीग सगळी गोव्यात, बंदोबस्तात, रिकाम्या मैदानांवर झाली. मुंबईने २१ नोव्हेंबर ते २८ फेब्रुवारी ह्या शंभर दिवसांत २० सामने खेळले. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा ह्यांनी ल फाँड्र आणि ओगबेचे ह्या आघाडीच्या दोघांना कधी ह्याला आधी, कधी त्याला आधी असे वापरले. मोसमात पहिल्याचे ११ गोल झाले, दुसऱ्याचे ८. एकाच्या गोलांनी दुसऱ्याची किंमत कमी झाली नाही. १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात मुंबईचाच तरुण बचावपटू अमेय रानवडे ह्याच्या डोक्याला जबर मार लागला. त्याला रुग्णवाहिकेतून नेले आणि त्याच्या जागी दुसरा गडी आला. नव्वदाव्या मिनिटाला ओगबेचेने पुरवलेल्या चेंडूवर बिपिनसिंगने गोल केला आणि मुंबईने मोहनबागानला २-१ असे हरवले. ट्राउटमानची मान आणि रानवडेचे डोके ह्यांच्यामध्ये पासष्ट वर्षांचे अंतर आहे. त्या पासष्ट वर्षांत खेळाने जे कमावले ते हेच, की आता संघ जिंकावा म्हणून जखमी माणसाने मैदानात पडून राहण्याची गरज उरली नाही.

ही कमाई खेळाडूंना कुणी दान दिलेली नाही. इंग्लंडमधल्या खेळाडूंनी १९०७ सालीच आपली संघटना बांधली आणि १९६१ मध्ये संपाची तयारी दाखवून आठवड्याला २० पौंडांची वेतनमर्यादा मोडून काढली. आता त्यांच्या संघटनांचे गाऱ्हाणे सामन्यांच्या संख्येचे आहे. २०२५ चा क्लबांचा विश्वचषक ३२ संघांचा झाला. २०२६ च्या विश्वचषकासाठी ४८ संघ आणि १०४ सामने ठरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपातल्या खेळाडू-संघटनेने आणि लीगांनी ह्याविरुद्ध युरोपीय आयोगाकडे तक्रार दाखल केली. मालक म्हणतात, संघ मोठे करा, गडी बदला. खांदेपालटीचा असाही उपयोग होतो : ओझे वाढवीत जायचे आणि खांदे बदलीत राहायचे. तो आम्हांला मान्य नाही. ओझ्यालाही मर्यादा हवी.

शेवटी एक कबुली. जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांत आम्ही वर्षानुवर्षे काम केले. वाटाघाटीला बसायचे ते आम्ही तिघेचौघेच. नव्या पोरांना सतरंज्या घालायला सांगितले, बोलणीत कधी बसवले नाही. एका हंगामात आमच्यातले दोघे एकदम आजारी पडले. गाठींचे काम ऐन भरात असताना बोलणी अर्धवट राहिली, आणि त्या वर्षी मजुरांच्या हाती काही पडले नाही. दोष कुणाचा नव्हता, आमचाच होता. बाकावरच्या गड्याला आम्ही कधी खेळवलेच नव्हते. मग ऐन वेळी तो खेळणार कसा?

फुटबॉलच्या इतिहासाने आम्हांला शिकवले ते इतकेच. संघाचा कणा, म्हणजे दोनचार जाणती माणसे, जागेवर असावीत. बाकीच्यांत पाळी असावी. पाळी आधी ठरलेली असावी आणि ती सगळ्यांना ठाऊक असावी. बाहेर बसणाऱ्याला तोच सराव, तोच मान आणि तीच भाकर मिळावी. गावची सहकारी संस्था असो, भजनी मंडळ असो की ही व्याख्यानमाला, ज्यांच्या खांद्यावर बरीच वर्षे ओझे आहे त्यांनी ते खाली ठेवायची वाट पाहू नये. चालता चालता शेजारच्याला खांदा द्यायला सांगावे.